ग्लोगिनाची विझवलेली भट्टी

मित्रांनो, मी एक जुनी काचभट्टी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझा राग अजून गेलेला नाही. वय झाले की माणसे निवळतात म्हणे. मी भट्टी आहे. मी थंड झाले, पण निवळले मात्र नाही.

बल्गेरियात, बाल्कन डोंगराच्या उत्तर उतारावर ग्लोगिना नावाचे छोटे शहर आहे. नदीकाठी काचकारखाना आणि कारखान्याच्या पोटात मी. माझा जन्म झाला त्या वर्षी रशियातून येणारी गॅसची मोठी वाहिनी आमच्या देशात पोचली होती. ती युक्रेन ओलांडून, रुमानियातून खाली यायची. मला पेटवायच्या दिवशी आवारात बँड वाजला. लाल कापडावर पांढऱ्या अक्षरांत ‘मैत्री’ लिहिले होते. रशियन पाहुण्यांना रीतीप्रमाणे पाव आणि मीठ दिले गेले, आणि मग घरी गाळलेली दारू, राकिया, इतकी दिली गेली की दोन पाहुण्यांना उचलून गाडीत ठेवावे लागले.

मला बांधणारी इंजिनियर बाईही रशियनच होती. रिम्मा पावलोव्हना तिचे नाव. जाताना तिने माझ्या भिंतीवर हात ठेवून कामगारांना बजावले, “हिला उपाशी ठेवायचं नाही. हिची आग बंद पडली, तर पोटातली काच दगड होईल आणि घुमटाच्या विटा आकसून फुटतील. मग रडून उपयोग नाही.”

त्या कामगारांत त्सोन्यू नावाचा एक तरुण होता. निळ्या काचेच्या चष्म्यातून तो तासन्‌तास माझ्या ज्वाळांकडे पाहत बसे. त्याला त्या रिम्मा पावलोव्हनाचे बोलणे इतके पटले होते, की माझी ज्योत जरा कापली तरी तो धावत येई. लोक त्याला हसत. “अरे, लग्न कर आता, भट्टीशी किती दिवस संसार करणार?” त्याने लग्नही केले, पण पहाटे उठून आधी मलाच बघायला येई.

माझ्या पोटात रात्रंदिवस काच उकळत असे, सूर्यासारखी पांढरी. तिच्या बरण्या होत. शरद ऋतूत ग्लोगिनाच्या प्रत्येक अंगणात लाल मिरच्या भाजल्या जात, त्यांची ल्युतेनित्सा नावाची चटणी मोठ्या कढईत रटरटे, आणि ती माझ्याच बरण्यांत भरली जाई. आगगाडीच्या डब्यांतून माझ्या बरण्या लेनिनग्राडपर्यंत जात. दर काही वर्षांनी मला हळूहळू, काळजीने निववत, माझ्या झिजलेल्या विटा बदलत आणि तितक्याच सावकाश पुन्हा तापवत. मी पुन्हा नवी होई.

मग सरकार बदलले. लाल कापडे गेली. लेनिनग्राडचे नाव बदलले आणि तिकडच्या मागण्याही बंद झाल्या. कारखाना व्हिएन्नाच्या एका मालकाने घेतला. बरण्या आता पश्चिमेला जाऊ लागल्या, आतमध्ये जर्दाळूचा मुरंबा. मला काय त्याचे? बरणीला राजकारण नसते. गॅस मात्र तोच होता आणि त्याच वाटेने येत होता.

एव्हाना त्सोन्यू निवृत्त झाला होता आणि त्याची सून इस्क्रा भट्टीप्रमुख झाली होती. राजधानीत, सोफियात शिकून आलेली, उंच, कमी बोलणारी बाई. तिचा नवरा स्पेनमध्ये ट्रक चालवत असे. ती आणि सासरा, दोघेच घरात, आणि दोघांच्या बोलण्यात तिसरी मी.

माझ्या शेजारी काळ्या जड तेलाची एक मोठी टाकी होती. गॅस कधी अडला तर मला तेलावर जगवता यावे, म्हणून रिम्मा पावलोव्हनानेच ती बसवून घेतली होती. नव्या मालकाने ती काढायची ठरवली. तिच्या धुराला युरोपचे नियम आडवे येत होते, आणि रिकाम्या उभ्या टाकीची डागडुजी परवडत नव्हती.

इस्क्रा बैठकीत म्हणाली, “धूर नको तर पेटवू नका. पण टाकी राहू द्या.”

व्यवस्थापक दिमोव हसला. मनाने वाईट नव्हता तो, फक्त वरून आलेला शब्द त्याला खाली जसाच्या तसा पोचवायची सवय होती. “इस्क्रा, अमेरिका आणि रशिया एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसले होते, तेव्हासुद्धा हा गॅस एक दिवस थांबला नाही. आता तर सगळे मित्र झालेत. आता कशाला थांबेल?”

टाकी कापून भंगारात गेली. मित्रांनो, माझ्या रागाची सुरुवात तिथून धरा.

आता त्या जानेवारीची गोष्ट. सन २००९. माझ्या विटांचे पुन्हा वय झाले होते आणि पुढच्या उन्हाळ्यात दुरुस्ती ठरली होती. मॉस्को आणि कीव यांचे गॅसच्या दरावरून भांडण पेटले होते. तसे ते नुसते दराचे भांडण नव्हतेच. युक्रेनने पश्चिमेकडे पाऊल टाकले म्हणून रशिया चिडला होता, रशिया चिडतो म्हणून पश्चिम आणखी हात पुढे करत होती, आणि आमचा देश नुकताच युरोपच्या पंगतीला बसला होता, पण चूल पेटत होती रशियाच्या गॅसवर. हे सगळे मला कसे ठाऊक? माझ्यासमोरच्या बाकावर बसून माणसे दुसरे काही बोलतच नसत.

त्या दिवशी योर्दानोव्हदेन होता. पाद्रीबाबा नदीत क्रॉस टाकतात आणि बर्फाच्या पाण्यात उड्या मारून पुरुष तो पकडतात, तो सण. ल्यूबेन नावाचा आमचा फिटर ओल्या केसांनी, घोंगडी पांघरून, दात वाजवत थेट माझ्यापाशी आला. दर वर्षी तो असाच येई आणि माझ्या पाठीला पाठ लावून बसे.

“क्रॉस मिळाला का रे?” बाकावरून त्सोन्यूने विचारले.

“खाटकाच्या पोरानं पटकावला, काका. माझ्या हाताला बेडूकसुद्धा लागला नाही.” मग त्याने माझ्याकडे नीट पाहिले. “ही अशी लाल का दिसतेय?”

मी लाल दिसत होते, कारण पहाटेपासून वाहिनीतला दाब उतरत होता. पांढरी ज्वाळा पिवळी झाली, पिवळी तांबडी. इस्क्रा दाबाच्या काट्यासमोर उभी होती. तिने मागे न वळता सांगितले, “गॅस बंद झालाय. पूर्ण देशाचा.”

मग ल्यूबेनचा भडका उडाला. तो चार वर्षे जर्मनीत काम करून आला होता आणि रशियाचे नाव काढले की त्याला मिरची लागे.

“झालं समाधान, काका? तुमच्या दोस्तांनी साधा फोनसुद्धा न करता नळ आवळला. बाहेर उणे पंधरा आहे!”

“त्यांनी नाही आवळला. मधल्या युक्रेनवाल्यांनी चोरला.”

“तुम्ही बघायला गेला होतात?”

“तू गेला होतास? आणि तुझ्या त्या युरोपनं काय दिलं आपल्याला? ताऱ्यांचं निळं स्टिकर! लाव भट्टीला, बघू किती तापते ते!”

“काका, तुमचं वय बघून गप्प बसतोय.”

“गप्प कुठे बसलायस? दात वाजतायत नुसते!”

सगळे हसले. ते माझ्यासमोरचे शेवटचे मोकळे हसू.

इस्क्रा दिमोवच्या खोलीत गेली. दार उघडेच राहिले, म्हणून मला सगळे ऐकू आले.

“साहेब, काच अजून वाहतेय. आज तळाची मोरी फोडू, सगळी काच बाहेर काढू. रिकामी भट्टी थोड्याशा गॅसवर उबेला ठेवता येते. भरलेली नाही ठेवता येत.”

“काच काढली की बरण्यांची मागणी गेली. पुन्हा भरून तयार व्हायला महिना जाईल. सोफियाचा फोन होता. संध्याकाळपर्यंत समझोता होतोय म्हणतात.”

“आणि नाही झाला तर?”

“इस्क्रा, एवढी मोठी माणसं बसलीयत बोलायला. सगळ्या युरोपला थंडीत कोण ठेवेल? थांब जरा.”

संध्याकाळ झाली. समझोता झाला नाही.

मित्रांनो, उपासमार एकदम येत नाही. देशातल्या भुयारी साठ्यातून थोडा गॅस काढून सोफियाने वाटून दिला. माझ्या वाट्याला जेमतेम मरू नये इतका आला. यंत्रे बंद पडली. माझ्या पोटातली काच मधासारखी घट्ट झाली, मग डिंकासारखी. रोज सकाळी दिमोव हातात फोन घेऊन येई आणि म्हणे, “आज नक्की.” मॉस्को म्हणत होते, आम्ही गॅस सोडलाय, कीवने अडवलाय. कीव म्हणत होते, सोडलेलाच नाही तर अडवू काय? ब्रसेल्सला चिंता वाटत होती. ती फार वाटत होती, रोज वाटत होती, दूरचित्रवाणीवर मोठमोठ्या टेबलांभोवती बसून वाटत होती. मग ठरले, की सीमेवरच्या मीटरांवर लक्ष ठेवायला निरीक्षक पाठवायचे. निरीक्षक गेले. छातीवर बिल्ले लावून त्यांनी मीटर पाहिले. मीटरवर शून्य होते. मला वाटले, ओरडावे, अरे, शून्य बघायला इतक्या लांब कशाला गेलात, माझ्याकडे या! पण भट्टीला तोंड असते ते काच ओकण्यापुरते.

इस्क्रा रोज तेच विचारी, “साहेब, आज मोरी फोडू का?” दिमोव रोज तेच उत्तर देई. तिचा आवाज चढत नसे. फक्त रोज एक शब्द कमी होई. शेवटी ती दारात येऊन नुसती उभी राहू लागली.

“अशी बघू नकोस माझ्याकडे,” दिमोव एकदा कळवळून म्हणाला. “मी काय पुतीन आहे का?”

“नाही, साहेब. तुम्ही दिमोव आहात. तुमच्या हातात एक मोरी आहे.”

तरी त्याने होकार दिला नाही.

जवळपास दोन आठवडे असेच गेले. मग एके दिवशी दुपारी इस्पितळातल्या डॉक्टर रुमेना चालत आल्या. बाळंतिणींच्या डॉक्टर त्या. ग्लोगिनातली अर्धी माणसे त्यांच्याच हातावर जन्मलेली. डोक्याला दोन रुमाल, अंगावर नवऱ्याचा कोट. आल्या आणि माझ्याकडे बोट करून त्यांनी विचारले, “ही किती गॅस खाते?”

इस्क्राने सांगितले.

“आमचं इस्पितळ तुमच्याच वाहिनीच्या शेपटाला आहे. तुम्ही ओढता तेवढ्यानं आमचा दाब पडतो आणि बॉयलर विझतो. पेटवला की विझतो, पेटवला की विझतो. लोकांनी घरचे विजेचे हीटर आणून दिले, तर काल इस्पितळाचा ट्रान्सफॉर्मर जळाला. सगळ्या बाळंतिणी आणि पोरं एका खोलीत ठेवलीयत. दोन पोरं दिवस भरायच्या आधी आलेली आहेत, इस्क्रा. जिल्ह्याच्या गावी न्यायचं तर घाटात बर्फ पडलंय. मी त्यांना आयांच्या पोटाशी बांधून ठेवलंय, पण आयाच थंड पडायला लागल्या तर मी काय करू?”

दिमोवने लगेच सोफियाला फोन लावला. पलीकडच्या माणसाने बराच वेळ समजावून सांगितले. दिमोवने फोन ठेवला.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, भट्टीचा वाटा वेगळा मंजूर आहे आणि इस्पितळाचा वेगळा. दोघांनाही गॅस मिळतोय. तशी नोंद आहे त्यांच्याकडे.”

“मिळतोय?” रुमेनाबाई म्हणाल्या. “मग माझ्या पोरांना सांगते, नोंद पांघरून घ्या म्हणून.”

“आणि म्हणाले, वाटा बदलायचा तर मंत्रालयातून परवानगी लागेल. आणि मंत्री बोलणी करायला गेलेत.”

माझ्या आतली काच कुठेतरी कडाडली. इस्क्राने हातमोजे काढले होते ते पुन्हा चढवले.

“ल्यूबेन, मोरी फोडायचं यंत्र आण. निघेल तेवढी काच काढू. मग व्हॉल्व्ह बंद.”

“पूर्ण बंद?” ल्यूबेन जागचा हलला नाही. “इस्क्राताई, या वयाची भट्टी पूर्ण विझली तर परत पेटत नाही. आणि मालक नवी बांधणार आहे का? तो म्हणेल, बरं झालं, नेतो कारखाना दुसरीकडे. आख्खं गाव हिच्यावर जगतंय!”

“ठाऊक आहे.”

“रशियावाले नळ बंद करतात म्हणून मी रोज शिव्या घालतोय. आता आपणच आपला करायचा?”

“मग तू जा इस्पितळात. तिथे उभा राहा आणि त्या आयांना सांग, की आमची भट्टी वाचतेय म्हणून थोडं सोसा. तू सांगून आलास, तर नाही करत बंद. जा.”

ल्यूबेन तिच्याकडे बघत राहिला. मग तो यंत्र आणायला गेला.

त्सोन्यू बाकावरून उठला.

“सूनबाई, माझ्या डोळ्यांदेखत नको.”

“मामंजी, बाहेर जा मग.”

ती असे कधी बोलली नव्हती त्याच्याशी. म्हातारा टोपी घालून अंगणात गेला आणि माझ्याकडे पाठ करून बर्फात उभा राहिला.

“साहेब,” इस्क्रा दिमोवला म्हणाली, “तुम्ही नाही म्हणालात, असं मी चौकशीत सांगेन. परवानगी नव्हती, असंच सांगेन.”

दिमोवने मान आडवी हलवली. आमच्याकडे त्याचा अर्थ होकार असतो. कशाला होकार दिला, ते मात्र त्याने सांगितले नाही.

माझ्या तळाची मोरी फुटली. काच बाहेर आली, तांबडी, जाडजूड, आळसावलेली. ती पाण्याच्या खड्ड्यात पडे आणि तडतडून तिचे तुकडे होत. वाफेने सगळा कारखाना भरून गेला. ल्यूबेन आणि त्याचे सोबती सळयांनी माझे पोट ढवळत होते आणि मोठमोठ्याने शिव्या घालत होते, कोणाला ते त्यांनाही सांगता आले नसते. बरीच काच निघाली. मग धार बारीक झाली, सुतासारखी झाली आणि थांबली. उरलेली तळाशी चिकटून बसली, ती कायमची. पहिल्याच दिवशी मोरी फोडली असती तर शेवटचा थेंबसुद्धा निघाला असता, आणि रिकामे पोट घेऊन मी मूठभर गॅसवर तग धरला असता.

इस्क्राने व्हॉल्व्हचे चाक फिरवले. शेवटचा पंखा थांबला. इतक्या वर्षांत मी प्रथमच माणसांचे श्वास ऐकले. माझ्या आवाजात ते कधी ऐकूच आले नव्हते.

माझा राग तिच्यावर असेल असे तुम्हाला वाटेल. नाही, मित्रांनो. तिने हातमोजा काढून माझ्या भिंतीवर हात ठेवला तेव्हा भिंत अजून भाजत होती, तरी तिने तो काढला नाही. रुमेनाबाईंनी ओढून काढला आणि त्यावर बर्फ दाबून धरले.

थोड्या वेळाने दार धाडकन उघडले. त्सोन्यू आत आला. भुवयांवर बर्फ, डोळ्यांतून पाणी.

“धूर!” तो ओरडला. “इस्पितळाच्या चिमणीतून धूर येतोय! थांबत नाहीये, येतोच आहे!”

रुमेनाबाई धावत सुटल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप पाठवला, सगळी पोरे सुखरूप आहेत, दिवस भरायच्या आधी आलेली ती दोन्हीसुद्धा.

आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी गॅस आला. मॉस्को आणि कीव यांच्या सह्या झाल्या, हस्तांदोलने झाली, कॅमेरे लखलखले. वाहिनीतला दाब सरसर चढला. माझ्या व्हॉल्व्हच्या पलीकडे गॅस येऊन उभा राहिला, भरपूर, हवा तितका. अलीकडे मी होते, आणि माझ्या घुमटाच्या विटा आकसून एकेक करून सुटत होत्या. छपरावरून बर्फ घसरावे तसा आवाज झाला आणि अर्धा घुमट आत कोसळला.

“दोन दिवस!” दिमोव डोके धरून बसला होता. “इस्क्रा, फक्त दोन दिवस थांबली असतीस!”

“कोणते दोन, साहेब?” तिने विचारले. “मागच्या मंगळवारीही तुम्ही दोनच म्हणाला होतात.”

मालकाने नवी भट्टी बांधली नाही. कारखाना बंद झाला. चौकशी झाली आणि दोष इस्क्रावर आला, कारण परवानगीशिवाय चाक फिरवणारे हात तिचेच होते. गावातली काही माणसे तिला रस्त्यात ओळख देईनाशी झाली. बेकरीच्या रांगेत एक बाई मोठ्याने म्हणाली, “हिच्यामुळे माझी दोन्ही पोरं इटलीला गेली.” इस्क्राने पाव घेतला आणि घरी आली. तिने कोणाला उलट उत्तर दिल्याचे मी ऐकले नाही. हे सगळे मला त्सोन्यू सांगे. तो अजून रोज यायचा, माझ्यासमोरच्या बाकावर बसायचा. बातम्या ऐकायच्या मात्र त्याने सोडल्या होत्या.

पुढच्या वसंतात जिल्ह्याच्या गावी ऊर्जेवर एक मोठी परिषद भरली. तिथून पाहुण्यांना माझ्याकडे आणले गेले, ‘संकटाची झळ बसलेला उद्योग’ दाखवायला. एक गृहस्थ ब्रसेल्सहून आले होते, एक मॉस्कोहून. दोघांचे बूट सारखेच चकचकीत होते. सोबत दुभाषी, पत्रकार आणि नगराध्यक्ष. दिमोवही होता, जुना कोट घालून. ब्रसेल्सचे गृहस्थ म्हणाले, पुरवठ्याचे मार्ग वाढवण्याची गरज यातून अधोरेखित झाली. मॉस्कोचे गृहस्थ म्हणाले, आम्ही नेहमीच भरवशाचे पुरवठादार राहिलो आहोत. मग दोघांचे एका गोष्टीवर एकमत झाले, की सुदैवाने कुठे कायमचे नुकसान झाले नाही. माझ्या कोसळलेल्या घुमटासमोर उभे राहून ते हे बोलले, मित्रांनो!

त्सोन्यू काठी टेकत पुढे झाला. तरुणपणी शिकलेल्या रशियनमध्ये त्याने मॉस्कोच्या गृहस्थांना विचारले, “साहेब, ही कोणी विझवली?”

गृहस्थ हसून म्हणाले, “आजोबा, आम्ही नाही. ते कीवला विचारा.”

ल्यूबेनलाही चेव आला. जर्मनीत शिकलेल्या जर्मनमध्ये त्याने तोच प्रश्न दुसऱ्या गृहस्थांना केला. तेही नम्रपणे म्हणाले, युरोपचा यात काही हात नव्हता, युरोपने फक्त मध्यस्थी केली.

नगराध्यक्षांनी वर छताकडे पाहिले. दिमोवने खाली जमिनीकडे पाहिले.

मागे, दारापाशी, इस्क्रा उभी होती. तिला कोणी बोलावले नव्हते. ती गर्दीतून पुढे आली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “मी विझवली. इस्क्रा त्सोनेवा माझं नाव. लिहून घ्या. इतक्या मोठ्या भांडणात एक तरी माणूस ‘मी केलं’ म्हणणारं असू दे.”

दुभाष्याने ते भाषांतरित केले नाही. त्याने दोन्हीकडे पाहिले आणि घसा खाकरला. पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला उशीर होत होता.

त्सोन्यूने आपली टोपी काढली आणि सुनेसमोर उभा राहिला. “चल पोरी, घरी जाऊ,” तो म्हणाला, आणि गर्दीतून तिला हाताला धरून घेऊन गेला. गावातल्या ज्यांनी तिला ओळख देणे सोडले होते, त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. बेकरीतली ती बाईही त्यांत होती.

त्यानंतर ल्यूबेन हातगाडी घेऊन यायला लागला. माझ्या न फुटलेल्या विटा तो काढून नेतो आणि लोकांच्या घरांत लाकडावरच्या चुली बांधून देतो. ग्लोगिनात गॅसवर आता कोणाचा भरवसा उरलेला नाही. माझी एक भिंत अशीच गेली, दुसरी चालली आहे. पुढे त्या दोन देशांत खरेच युद्ध पेटले, तेव्हा गॅस पुन्हा धमकीसारखा वापरला गेला आणि मोठ्या टेबलांभोवती पुन्हा चिंता वाटू लागली. हे सारे ल्यूबेननेच मला सांगितले, विटा मोजता मोजता, दात ओठ खाऊन.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यापैकी कोणी अशा टेबलाशी बसेल, कोणाच्या हातात एखादे चाक येईल, गॅसचे, पाण्याचे, धान्याच्या जहाजाचे. ते फिरवण्याआधी नळाच्या शेवटच्या टोकाला कोण राहते, ते स्वतः जाऊन पाहा. मीटर पाहून परत येऊ नका. आणि फिरवलेच, तर निदान आपले नाव सांगा.

आता थांबते. दारात हातगाडीचे चाक कुरकुरते आहे. ल्यूबेन आलेला दिसतो.